टायर बगलेत फाटतो

जांबोटी-कणकुंबीकडच्या वाटेवर सायकल उलटी करून बसलेला कुणी दिसला, तर त्याचा टायर एकदा हातात घेऊन फिरवून बघा. वरची नक्षी बऱ्याचदा नवी कोरी असते. फाटलेलं असतं ते बगलेत: रिमच्या वर बोटभर अंतरावर, अर्ध्या-पाऊण इंचाची तिरपी चीर, कडा दातरलेल्या, आणि त्यातून डोकावणारे पांढरे धागे. अंगठ्यांनी दोन्हीकडून दाबलं की चीर उघडते. ट्यूब तिथूनच फुग्यासारखी बाहेर येऊन फुटलेली असते.

तरीही दुकानात टायर निवडताना सगळ्यांची बोटं फिरतात ती नक्षीवरून. ठोकळे केवढे उंच आहेत, टायर दिसायला किती रांगडा आहे, एवढंच बघितलं जातं. बेळगावच्या आसपासच्या खडकाळ वाटांसाठी हा क्रम उलटा लावायला हवा. आधी बगल, मग रबर, मग रुंदी. नक्षीला चौथा नंबर.

दगडादगडांत फरक

परदेशी साईटवर 'रॉकी ट्रेलसाठी उत्तम' असं लिहिलेला टायर आपल्याकडे चालेलच असं नाही, कारण तिथला दगड आणि इथला दगड एक नाही. आपल्या जिल्ह्यातच वाटांची जमीन चार तऱ्हांची आहे.

खानापूर तालुका, जांबोटी, कणकुंबी, पुढे चोर्ल्यापर्यंत आणि पलीकडे चंदगड भागात मुख्यतः जांभा. हा दगड जमिनीतून ताजा काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. हवा लागली की घट्ट होत जातो. कन्नडमध्ये त्याला जंबिट्टिगे म्हणतात, इट्टिगे म्हणजे वीट. १८०७ साली बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं 'लॅटेराइट' हे नाव दिलं, तेही लॅटिनमधल्या विटेवरूनच. सायकलवाल्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की पठारावर वर्षानुवर्षं उघडा पडलेला जांभा हा चिऱ्याइतका मवाळ राहत नाही. त्यातला लोखंडाचा अंश कठीण होतो, मधली माती धुऊन जाते आणि उरतात भोकं. प्रत्येक भोकाची कड खिसणीच्या दातासारखी. कोरड्या जांभ्यावर पकड सुरेख मिळते, कारण रबर त्या भोकांत रुततं. तिथं घसरण्यापेक्षा रबर खिसलं जाण्याची आणि बगल कापली जाण्याची भीती जास्त. पावसाळ्यात शेवाळ धरलं की भोकं भरून जातात आणि तीच वाट साबण लावल्यासारखी होते.

दुसरी अडचण सुट्या खड्यांची. जांभा झिजून त्याचे वाटाण्याएवढे ते लिंबाएवढे गोटे होतात आणि ते खालच्या टणक कवचावर पसरतात. शहाबादी फरशीवर हरभरे सांडून त्यावरून चालून बघा, वळणावर टायरचं तसंच होतं. इथं नक्षीचा थोडा उपयोग आहे, त्याबद्दल पुढे.

गोकाककडे गेलात की दगड बदलतो. तिथं वालुकाश्म आणि क्वार्टझाइट आहे, ज्यावरून घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते तोच. हा दगड सरळ कडांनी, लादीसारखा फुटतो. वाटा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. तिथं बगल कापण्यापेक्षा कड थेट आपटून ट्यूब चिमटली जाण्याचं आणि रिम वाकण्याचं प्रमाण जास्त. उत्तरेला हुक्केरी, संकेश्वर, निपाणीच्या बाजूला काळा पाषाण आहे. तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा झिजतो, त्यामुळे गोल धोंडे मिळतात. फोडलेली खडी मात्र काचेसारखी धारदार.

आणि पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती. पावसाळ्यात ती टायर आणि चिमटा (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या नळ्या) यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाकच फिरत नाही. यावर कुठलाच टायर उपाय नाही. जून ते सप्टेंबर त्या पाणंदीत सायकल घालू नये, हाच उपाय.

बगल कशी ओळखायची

टायरचा खरा सांगाडा म्हणजे नायलॉनच्या धाग्यांचं कापड. ते दोन्ही कडांच्या बीडला, म्हणजे रिममध्ये अडकणाऱ्या तारेला किंवा दोरीला, गुंडाळलेलं असतं. वर जमिनीला टेकणाऱ्या भागावर जाड रबर असतं. बगलेत मात्र त्या कापडावर रबराचा पातळ लेप. स्वस्त आणि हलक्या टायरमध्ये तो लेप इतका पातळ असतो की उजेडात बगल ताणली तर धाग्यांची वीण दिसते.

टायरवर 'टीपीआय' लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती धागे. ६० असेल तर धागे जाड, टायर जरा ताठ, जड, पण कापायला चिवट. १२० असेल तर धागे बारीक, टायर लवचिक, दगडावर छान बसतो, पण बगल तुलनेनं नाजूक. जास्त आकडा म्हणजे जास्त मजबूत, हा समज दुकानदारांमध्येही आहे. एकाच थराचे दोन टायर शेजारी ठेवले तर गोष्ट उलटी असते. काही कंपन्या मात्र थरांची बेरीज करून आकडा छापतात, ३/१८० वगैरे. त्याचा अर्थ ६०चे तीन थर.

नुसत्या धाग्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे बगलेत जादा कापड आहे का. मॅक्सिस कंपनीच्या टायरवर एक्सो लिहिलं असेल तर बगलेत कापण्याला विरोध करणारा एक थर आहे. एक्सो प्लस त्याहून भक्कम. डबलडाउन म्हणजे १२० टीपीआयचे दोन पूर्ण थर. कॉन्टिनेंटल सरळ ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल असं लिहिते. श्वाल्बेच्या बऱ्याच टायरवर सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी अशी चढती भाजणी दिसेल. एकाच नावाचा टायर दोन-तीन वेगवेगळ्या कापडांत मिळतो, म्हणून ऑनलाइन मागवताना नुसतं मॉडेलचं नाव बघून 'स्वस्त मिळाला' म्हणून खूश होऊ नका. स्वस्त मिळाला, कारण तो पातळ कापडाचा आहे.

नावं पाठ होत नसतील तर वजन बघा. वजन खोटं बोलत नाही. २९ × २.४ मापाचा (चाकाचा व्यास आणि टायरची रुंदी, इंचांत) टायर ७५० ग्रॅमच्या आत असेल तर तो रेसिंगचा, जांभ्यावर पहिल्या महिन्यातच रडवेल. ८५० ते १,००० ग्रॅम हा आपल्या वाटांचा पट्टा. १,१०० ग्रॅमच्या पुढचा टायर उतारावर झोकून देणाऱ्यांसाठी. येळ्ळूरगडाचा चढ त्यावर चढताना मांड्या बोलतील. २७.५च्या चाकाला यातून पन्नास-साठ ग्रॅम वजा करा. तारेच्या बीडचा टायर त्याच प्रकारच्या घडीच्या, म्हणजे दोरीच्या बीडच्या, टायरपेक्षा साधारण ६० ते १०० ग्रॅम जड भरतो, पण ते वजन तारेचं असतं, बगलेचं नव्हे. वजनाची तुलना करताना एवढं भान ठेवा.

टायर प्रत्यक्ष हातात असेल तर अंगठा आणि तर्जनीत बगल धरून चिमटा काढा. कागदाच्या घडीसारखी सहज मोडत असेल तर ठेवून द्या. जाड रेक्झिनसारखी मोडायला नाखूश असेल, सोडल्यावर पुन्हा आपल्या जागी येत असेल, तर पुढचं बोलू.

सायकलीबरोबर आलेले टायर बहुतेक वेळा तारेचे, कडक रबराचे आणि बगलेत उघडेबोडके असतात. ते लगेच फेकायची गरज नाही. डांबरी रस्त्यावर आणि शेतातल्या वाटांवर झिजू द्या, पण कणकुंबीला नेऊ नका.

रबर: पुढे मऊ, मागे कडक

रबराचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. ६०च्या आसपास म्हणजे कडक, ५० म्हणजे मऊ, ४२ म्हणजे नख रुतेल इतकं मऊ. बहुतेक कंपन्या आता आकडा छापत नाहीत, नावं देतात. मॅक्सिसमध्ये ड्युअल हे टिकाऊ. मग मॅक्सटेरा मधलं. मॅक्सग्रिप सर्वांत चिकट. कॉन्टिनेंटलमध्ये एन्ड्युरन्स, सॉफ्ट, सुपरसॉफ्ट. श्वाल्बेच्या अॅडिक्स रबरात रंगीत पट्टी असते: लाल वेगासाठी, निळी मधली, नारिंगी मऊ, जांभळी अतिमऊ.

दोन्ही चाकांना एकसारखं रबर घेणं हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा प्रकार. जोडी घेतली म्हणजे बरी दिसते, एवढंच त्यामागचं कारण. खरं तर दोन्ही चाकांची कामं वेगळी. पुढचं चाक वळवतं आणि बहुतांश ब्रेक तेच सोसतं. ते सुटलं तर माणूस पडलाच. म्हणून तिथं मऊ रबर. मागचं चाक वजन जास्त उचलतं, पेडलचा जोर सोसतं, दगडावर जास्त आपटतं आणि घाबरून मागचा ब्रेक दाबला की फरपटतं. कोरड्या जांभ्यावर एक लांब घसरण म्हणजे खिसणीवर खोबरं. म्हणून मागे कडक रबर आणि पुढच्यापेक्षा एक पायरी जाड बगल.

उदाहरण द्यायचं तर मॅक्सिसमध्ये पुढे मिनियन डीएचएफ किंवा डीएचआर-टू, मॅक्सटेरा रबर, एक्सो बगल. मागे अॅग्रेसर २.३, ड्युअल रबर, आणि वजन ८० किलोच्या वर असेल तर डबलडाउन बगल. कॉन्टिनेंटल घ्यायचा असेल तर क्रिप्टोटल पुढचा आणि मागचा असे दोन वेगळे मिळतात, खोक्यावर नीट वाचून घ्या. श्वाल्बेत नॉबी निक हा मधल्या मार्गाचा टायर आहे, पण जाड बगलेचाच बघा. किंमत प्रत्येकी चार आकड्यांत जाते. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी मागचा चांगला घ्या असं बरेच जण सांगतात, कारण तो जास्त फाटतो. आमचं मत वेगळं. मागचा फाटला तर चालत घरी येता, पुढचा घसरला तर दातांच्या डॉक्टरकडे जाता. आधी पुढचा बदला.

पुढचा अर्धा झिजला की तो मागे टाकायचा आणि नवा पुढे लावायचा. झिजलेला मागचा टायर पुढे कधीच नाही.

नक्षीचं थोडक्यात

उघड्या खडकावर पकड देतं ते टेकलेलं रबर; ठोकळ्यांची उंची तिथं कामाची नाही. उंच, सुटे, बारीक ठोकळे खडकावर वाकतात, टायर डुलल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांत ठोकळे बुडातून उपटून येतात. जांभ्यावर हे फार होतं. तेव्हा मध्यम उंचीचे, साधारण ३ ते ४ मिलिमीटरचे, बुडाशी रुंद असलेले ठोकळे बघा. मधले जरा जवळ, कडेचे मात्र भक्कम, चौकोनी आणि सलग ओळीत हवेत. सुट्या गोट्यांवर वळताना सायकल कलते आणि तेव्हा कामाला येतात ते हेच कडेचे ठोकळे. ठोकळ्यांवर बारीक चिरा असतील तर उत्तम, त्यामुळे ठोकळा दगडावर पसरतो. बगलेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा लावलेली सायकल दर दहांतली एक तरी सापडते.

शेवाळलेल्या जांभ्यासाठी कुठली नक्षी? कुठलीच नाही. मऊ रबर, कमी हवा, आणि त्या तुकड्यावर ब्रेकला हात न लावणं.

माप

"ओ, टायर मोठा घ्या की, काय होतंय!" हा सल्ला हमखास मिळतो. मोठा टायर चांगला हे खरं, पण तो सायकलीत मावला पाहिजे आणि रिमला शोभला पाहिजे. बगलेवर ५७-६२२ असा आकडा असतो. पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमचा व्यास. ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे २७.५, ६२२ म्हणजे २९. इंचाच्या आकड्यांपेक्षा यावर विश्वास ठेवा. रुंदीचं गणित: ५४ म्हणजे २.१, ५७ म्हणजे २.२५, ६० म्हणजे २.३५, ६१ म्हणजे २.४.

रिमची आतली रुंदी मोजा, कडा सोडून. १९ ते २१ मिमी असेल तर २.१ ते २.२५ पर्यंत थांबा. २५च्या आसपास असेल तर २.३५. २८ ते ३० असेल तर २.४ ते २.५. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो बल्बसारखा फुगतो, वळणावर एका बाजूला लोळतो, आणि बगल अधिक बाहेर येते, म्हणजे दगडाला अधिक सापडते. आपण वाचवायला निघालोय नेमकी तीच गोष्ट.

चढवल्यावर चिमट्यात आणि मागच्या नळ्यांमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना शिसपेन्सिल आडवी सरकली पाहिजे. नाही सरकली तर टायरमध्ये अडकलेला एक गोटा नळीचा रंगच नव्हे, नळीही खाईल.

जुन्या व्ही-ब्रेकच्या सायकलींबाबत एक गोष्ट मेकॅनिकसुद्धा विसरतात. टायर बदलल्यावर ब्रेकची रबरं तपासा. ती मिलिमीटरभर वर बसली असतील तर प्रत्येक ब्रेकला बगल घासतात. रिमच्या कडेला समांतर, गोल फिरलेली, एकसारखी चीर दिसली तर ती दगडाची नाही. ती तुमच्याच ब्रेकची.

हवा

महागडा टायर घेऊन त्यात पंक्चरच्या दुकानात ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा मारून घेणारे आहेत. इतक्या हवेत टायर दगडावर रुतत नाही, उडतो. पकड गेली, आणि फुगून ताठ झालेल्या बगलेला टोकदार कड लागली की ती दबून निसटत नाही, थेट कापली जाते.

सुरुवातीचा आकडा असा धरा: २.३५ ते २.४ टायर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला), सामानासकट वजन ७० किलो, तर पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय. दर दहा किलोला दीड-दोन पीएसआय वरखाली. ट्यूब असेल तर ५ वाढवा. टायर २.१ असेल तर आणखी ३ ते ४. मग एकच ओळखीचा दगडी उतार निवडा, एक-एक पीएसआय कमी करत त्यावरून जा. रिम दगडावर आपटल्याचा 'ठक्' आवाज एकदा आला की २ पीएसआय वाढवा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. गोकाककडच्या पायऱ्यांसाठी त्यात आणखी २.

ट्रकवाल्या कॉम्प्रेसरच्या काट्यावर २० आणि २५ मधला फरक दिसतच नाही. बऱ्याच उभ्या पंपांचीही तीच गत. ० ते ६० पीएसआय दाखवणारा छोटा गेज वेगळा घ्या. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजा. तापमान १० अंशांनी वाढलं की या पातळीवर साधारण सव्वा पीएसआय वाढते. एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली सायकल मोजून घोटाळा करून घेऊ नका.

ट्यूबवर दोन समांतर छोट्या चिरा शेजारीशेजारी दिसल्या, सापानं डसल्यासारख्या, तर ते काट्याचं पंक्चर नाही. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली आहे. म्हणजे हवा कमी होती किंवा ट्यूब टायरच्या मानानं अरुंद होती. बाजारात १.९५-२.१२५ मापाची ट्यूब सहज मिळते आणि २.४च्या टायरमध्ये तीच घातली जाते. ती ताणून पातळ होते आणि लवकर फुटते. २.१ ते २.४ असं छापलेलीच मागा.

ट्यूबलेस

बाभूळ, बोर, करवंद आणि उन्हाळ्यात वाळलेले सराटे, एवढ्या काट्यांच्या प्रदेशात ट्यूब घालून फिरणं म्हणजे रोज ठिगळ लावणं. रिम आणि टायर दोन्हींवर ट्यूबलेसची खूण असेल (टीआर, टीएलआर, टीएलई), तर ट्यूब काढून टाका. खूण नसलेल्या जुन्या रिमवर मात्र हा उद्योग करू नका. कमी हवेत वळणावर बीड सुटतो.

रिम स्पिरिटनं पुसा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी रुंद हवी, म्हणजे दोन्ही भिंतींना चढेल. वॉल्व्हच्या भोकाच्या समोरच्या बाजूनं सुरू करा, ताणून लावा, शेवटी १० सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. वॉल्व्हसाठी भोक तापवलेल्या दाभणानं पाडा. ब्लेडनं काप दिला की तो तिथून पुढे फाटत जातो आणि मग आठ दिवसांनी हवा कुठून जाते ते सापडत नाही. जमलं तर एक रात्र ट्यूब घालून ४० पीएसआय हवा भरून ठेवा, टेप दाबून बसते. मग एका बाजूचा बीड न हलवता ट्यूब काढा, वॉल्व्ह बसवा, बीडला साबणाचं पाणी लावा आणि एकदम जोरात हवा भरा. 'टक्, टक्' असे आवाज येतात, ते बीड जागेवर बसल्याचे. इथं पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर खरंच उपयोगी, पण नळी त्याच्या हातात देऊन चहाला जाऊ नका. रिमवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे गेलं तर टायर उडतो आणि बोटं सोबत नेतो.

सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारा द्रव: २६ × २.१ला ७० ते ८० मिली, २७.५ × २.२५ला ८० ते १००, २९ × २.४ला १०० ते १२०. नव्या टायरला २० मिली जादा, कारण ते कापड पिऊन घेतं. भरल्यावर चाक बादलीवर आडवं ठेवा, दहा मिनिटं एक बाजू, दहा मिनिटं दुसरी. लॅटेक्सचं सीलंट घ्या. मोटारसायकलचं घट्ट जेल स्वस्त पडतं, पण ते बगलेत पातळ पसरत नाही आणि एका जागी गोळा होऊन चाक हेलकावे देतं.

आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ धरून हलवा. पाण्यासारखा खळखळाट आला तर ठीक. काहीच आवाज नाही किंवा आत खडा वाजल्यासारखं झालं तर सीलंटचा गोळा झाला आहे. मार्चच्या सुरुवातीला आणि पुन्हा पावसाळ्याआधी ५० मिली घालायचं. काटा रुतला तर उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि थांबा. ३ मिमीपर्यंतची भोकं बसतात, त्याहून मोठ्याला प्लगची दोरी (भोकात खुपसून ते बुजवणारी) लागते. मोटारसायकलची प्लगची दोरी सायकलच्या पातळ टायरला जाड होते आणि भोक आणखी फाडते. सायकलची १.५ आणि ३.५ मिमीची वेगळी मिळते.

बगलेतली चीर मात्र सीलंटनं बसत नाही, कारण ती जागा प्रत्येक फेऱ्याला वाकते.

वाटेत आणि घरी

जांबोटीच्या पुढे सायकलचं दुकान नाही असं धरूनच निघा. (भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, हेही सांगून ठेवतो.) पिशवीत एक योग्य मापाची ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर, पंप, प्लगच्या दोऱ्या, आणि जुन्या टायरच्या बगलेचा ५ × ८ सेंटिमीटरचा कापलेला तुकडा. बगल फाटली तर सीलंट पुसा, तुकडा आतून चिरेवर ठेवा, ट्यूब घाला, हवा भरा. ट्यूबच तो तुकडा दाबून धरते. तुकडा नसेल तर टूथपेस्टची रिकामी ट्यूब कापून किंवा दुधाची पिशवी चार पदरी करून वापरतात. नोट वापरायचा सल्ला जुना आहे, पण ओली झाली की नोटही जाते आणि ट्यूबही. ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपून बघा. दहा काटे आत टोकं काढून बसलेले असतात, ज्यांना इतके दिवस सीलंटनं सांभाळलं होतं.

घरी आल्यावर ती चीर शिवता येते. चीर १५ मिमीच्या आत हवी आणि बीडपासून किमान १० मिमी लांब. बीडजवळ फाटला असेल तर टायर टाकून द्या. अथणीकडे कोल्हापुरी चपला शिवणाऱ्यांच्या हातात असते तशी आरी आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा यासाठी उत्तम. कुठल्याही चप्पल दुरुस्ती करणाऱ्याकडे दोन्ही मिळतात, आणि बहुतेक वेळा तोच तुमच्यापेक्षा चांगलं शिवून देतो. टाके चिरेच्या कडेपासून ४ ते ५ मिमी आत घ्या, दोन टाक्यांत ४ मिमी अंतर, येताना-जाताना फुलीचे. कडा एकमेकींना टेकतील इतपतच ओढा. जास्त ओढलं तर एकीवर दुसरी चढते, तिथं गाठ येते आणि चाक फिरताना टायर लचकतो. मग आतून सँडपेपरनं घासा, सोल्युशन लावा, पाच मिनिटं वाळू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की टाक्यांच्या चहूबाजूंनी २ सेंटिमीटर पुढे जाईल एवढा पॅच दाबा. ओलं असताना पॅच चिकटवणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. रात्रभर वजनाखाली ठेवा.

असा शिवलेला टायर मागेच लावा. पहिले दोन दिवस जवळपासच फिरून टाक्यांशी फुगवटा येतोय का ते बघा. आला तर त्याच दिवशी काढा.